टेसेलाटा की लिव्हिडा? फोटोवरून नाचऱ्या माश्या ओळखायच्या कशा?

रानवारा (डर्बीशर, इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

कीटकांच्या जाणकारांसाठी एक प्रश्न आहे. मे महिना संपत आल्यापासून आमच्या घरामागच्या पायवाटेवर एक करड्या अंगाची, लांब पायांची माशी सतत दिसतेय. कधी हॉथॉर्नच्या कुंपणावर, कधी त्याखालच्या काऊ पार्सलीच्या पांढऱ्या फुलोऱ्यावर. डोकं लहान आणि वाटोळं, त्यातून थेट खाली निघालेली टोकदार सोंड. ही 'डान्स फ्लाय' म्हणजे नाचरी माशी, आणि 'एम्पिस' या गणातली, एवढं शोधून काढलं. पुढे मात्र अडलोय.

ओळखीचं ॲप एका फोटोला 'एम्पिस टेसेलाटा' म्हणतं. तोच फोटो जरा वेगळा कापून टाकला की 'एम्पिस लिव्हिडा' म्हणतं. शिवाय 'एम्पिस ओपाका' हे नावही अधूनमधून वर येतं. तिन्ही करड्या, तिघींच्याही छातीवर गडद पट्टे. नेटवर फोटो बघत बसलो तर टेसेलाटा म्हणून टाकलेले फोटोच एकमेकांशी जुळत नाहीत.

फोटो डकवतोय. पहिला वरून घेतलाय, पट्टे स्पष्ट आहेत, पंख तपकिरी. दुसऱ्यात जोडी आहे, वरची माशी फांदीला लटकलीय आणि खालचीच्या पायांत एक काळी मेलेली माशी आहे. तिसरा जुलैतला, नॅपवीडच्या जांभळ्या फुलावर, बाजूने. चौथ्यात पिवळी माशी, छातीवर काळी रेघ. पाचवा ओढ्यावरचा, पाण्याला जवळजवळ टेकून वेड्यावाकड्या घिरट्या घालणाऱ्या बारीक काळ्या माश्या. फोटो वाईट आहे, कल्पना आहे.

नेमकं बघायचं काय? आणि एवढ्यावर आयरेकॉर्डवर (निसर्गनोंदींच्या इकडच्या संकेतस्थळावर) नोंद टाकावी का?

---

पाणकणीस (पुणे)

फोटो २ सुंदर. पण ही रॉबर फ्लाय तर नाही? आमच्याकडे टेकडीवर रॉबर फ्लाय अगदी अशीच भक्ष्य धरून बसलेली असते. जोडी असतानाही मादीच्या तोंडात भक्ष्य असलेलं मी पाहिलंय.

---

दगडफूल (यॉर्कशर)

पाणकणीस, शंका रास्त आहे, आधी तेवढी मिटवू. रॉबर फ्लाय समोरून पाहा: दोन डोळ्यांच्या मधोमध माथ्यावर खोलगट खाच असते आणि चेहऱ्यावर राठ केसांची दाढी. नाचऱ्या माशीला खाच नाही, दाढीही नाही, मान बारीक आणि डोकं चेंडूसारखं गोल. रानवारांच्या पहिल्या तिन्ही फोटोंत डोकं स्वच्छ दिसतंय. ही एम्पिडिडी कुळाचीच मंडळी.

रानवारा, तुमच्या प्रश्नावर सविस्तर लिहिते, कारण हा गोंधळ दर उन्हाळ्यात कुणाचा ना कुणाचा होतो आणि 'पट्टे मोजा' एवढं सांगून लोक मोकळे होतात. माझा सगळा राग त्या पट्ट्यांवरच आहे.

त्या छातीवरचे पट्टे हा बहुतांशी रंग नाही. कातडीवर अतिसूक्ष्म केसांचा थर असतो, आपल्याला तो करड्या धुळीसारखा दिसतो. मखमलीवर एका बाजूने हात फिरवला की गडद आणि उलट फिरवला की फिकी दिसते, तसंच इथे आहे. समोरून पाहिलं तर तीन पट्टे, मागून पाहिलं तर मधला विरतो, बाजूने पाहिलं तर सगळी छाती एकसारखी करडी. म्हणून तर जुन्या किल्ल्यांमध्ये 'समोरून पाहता' असं मुद्दाम लिहिलेलं असतं. इथे किल्ली म्हणजे ओळखीचा तक्ता, नव्या वाचकांसाठी सांगते. टेसेलाटाच्या पोटावरची चौकटी नक्षीही अशीच. माशीने अंग जरा वळवलं की गडद चौकटी फिक्या आणि फिक्या गडद होतात. कॅमेऱ्याचा फ्लॅश थेट मारलात तर ती धूळ चकाकते आणि नक्षी पार धुऊन निघते. ॲप एका फोटोला दोन नावं देतं याचं मला नवल वाटत नाही. त्याच्यापुढे दुसरं काहीच नाही, दिसतंय तेवढ्यावर त्याला बोलायचंय.

मग भरवसा कशावर ठेवायचा? पायांवर. त्यातही मांडीवर.

माशीच्या पायाचे आपल्याला लागणारे तीन भाग: अंगाकडची जाड मांडी, मग नडगी, मग तुकड्यातुकड्यांचं पाऊल. टेसेलाटाची मांडी काळी, नडगी मात्र पिवळट-तपकिरी. लिव्हिडाची मांडीसुद्धा पिवळट-तपकिरी, म्हणजे पाय वरपासून खालपर्यंत साधारण एकाच रंगात. ओपाकाची मांडी लालसर. काळी, पिवळट, लालसर, एवढं जरी फोटोत नीट आलं तरी निम्म्याहून जास्त भांडण मिटतं.

यात एक अट आहे. नुकतीच कोशातून बाहेर आलेली माशी फिकी असते, कातडी पुरती रंगलेली नसते. अशी कोवळी टेसेलाटा फिक्या मांडीची दिसू शकते. पंख चुरगळलेले किंवा काचेसारखे लकाकणारे असतील, पोट पोकळ आणि अर्धपारदर्शक वाटत असेल, तर त्या माशीवर जातीचा निर्णय देऊ नये.

आता हंगाम. टेसेलाटा एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत मिळते, पण तिचा खरा जोर मे आणि जूनमध्ये, हॉथॉर्न फुललेला असताना. ओपाका वसंतातली, एप्रिल ते जून. लिव्हिडा उन्हाळ्यातली, जून ते ऑगस्ट, नॅपवीड, काटेरी थिसल, हॉगवीड अशा फुलांवर. तारखेने जात सिद्ध होत नाही, पण मांडीचा रंग एक सांगत असेल आणि तारीख दुसरं, तर परत एकदा फोटोकडे बघावं.

आकार मी मुद्दाम शेवटी ठेवते. टेसेलाटा ब्रिटनमधल्या एम्पिसांत सगळ्यांत मोठी, सेंटीमीटरभर किंवा जरा जास्तच. लिव्हिडा त्याहून थोडी लहान. पण दोघींची मापं एकमेकींत मिसळतात आणि फुलावर बसलेल्या माशीचं माप फोटोवरून घेणं अवघड. पंखांच्या रंगाचंही तेच. टेसेलाटाचे पंख तपकिरी, बुडाशी पिवळट, हे खरं. पण पंखामागे हिरवं पान आहे की पांढरं फूल, यावर फोटोतला रंग बदलतो. जोड पुरावा म्हणून चालेल, एकट्यावर नाव ठेवू नका.

आता तुमचे फोटो.

फोटो १: वरून घेतल्यामुळे पट्टे छान आलेत, पण मांड्या पंखांखाली झाकल्यात. डाव्या बाजूला पुढच्या पायाचा तुकडा दिसतोय, तो काळा वाटतो, पण सावलीही असू शकते. तपकिरी पंख, मे महिना, हॉथॉर्न. टेसेलाटा असण्याची शक्यता खूप. मी मात्र हिला 'एम्पिस, बहुधा टेसेलाटा' म्हणेन आणि थांबेन.

फोटो २: ही टेसेलाटा, निःसंशय. खालच्या मादीची मागची मांडी उन्हात आहे, मिट्ट काळी, आणि लगेच पुढे नडगी पिवळट. वरच्या नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना भिडलेत, मादीचे वेगळे आहेत. फोटो मोठा करून नक्की बघा.

फोटो ३: तारीख, फूल आणि फिकी मांडी तिन्ही लिव्हिडाकडे बोट दाखवतात. फक्त मांडीवर फुलाचा जांभळा उजेड पडलाय. त्याच माशीचा दुसरा फोटो असेल तर टाका.

फोटो ४: हा वेगळाच गट, पिवळ्या एम्पिसांचा. इथे छातीवरची रेघ पिवळ्या अंगावर काळी असते, त्यामुळे कोन बदलला तरी दिसतेच आणि मोजण्यात अर्थ आहे. मधोमध एकच रेघ असेल तर एम्पिस स्टर्कोरियाचा विचार आधी करायचा. तीन असतील तर ट्रायग्रामा आणि पंक्टाटा दोघीही उमेदवार राहतात, आणि त्यांच्यात निवाडा करायला पंखाच्या शिरा आणि पोट नीट दिसावं लागतं. तुमच्या फोटोत मधली रेघ आहे, पण उजवा खांदा पानाआड आहे. बाजूच्या रेघा नाहीत असं मला म्हणता येणार नाही.

फोटो ५: ओढ्यावर वेड्यावाकड्या घिरट्या, अंग काळं. हा 'हिलारा' गण असावा. त्याबद्दल पुढच्या प्रतिसादात, जेवणाची वेळ झालीय.

---

रानवारा

ताई, खूप खूप आभार. फोटो २ मोठा करून पाहिला. डोळ्यांचा फरक आता असा दिसतोय की आधी कसा दिसला नाही कोण जाणे. मांडी बघायची हे कुठेच इतक्या सरळ लिहिलेलं सापडलं नव्हतं.

एक विचारू? त्या मेलेल्या माशीवरून काही कळतं का? म्हणजे अमुक जातीचा नर अमुक भक्ष्य आणतो, असं?

---

दगडफूल (यॉर्कशर)

जात कळत नाही, पण बाकी बरंच कळतं.

फोटो २ मध्ये जे चाललंय ते असं. नराने शिकार केली, ती घेऊन उडाला, हवेत मादीला गाठून ती तिला दिली आणि आता पुढच्या पायांनी फांदीला लटकून तो मादीला आणि तिच्या खाण्याला, दोघांना पेलून आहे. मादी खातेय तोवर मीलन चालतं. एम्पिसच्या पुष्कळ जातींत मादी स्वतः शिकार करतच नाही. मध नर-मादी दोघेही पितात, पण मांसाहार मादीला मिळतो तो नराने आणलेला. म्हणून अशा जोडीत कोण नर आणि कोण मादी हे नेहमी आधी ठरवून टाकावं: फांदीला धरलेला तो नर, भक्ष्य धरलेली ती मादी.

आणलेली भेट खाण्याजोगी असेलच असंही नाही. केन प्रेस्टन-माफम यांनी १९९९ साली ट्रायग्रामा, टेसेलाटा आणि ओपाका या तिघींच्या मीलनावर अभ्यास प्रसिद्ध केला. ओपाकाचे काही नर भक्ष्याऐवजी झाडाच्या बियांचा कापूस घेऊन येतात आणि तरीही मादी त्यांना स्वीकारते, असं त्यात नोंदवलंय. तेव्हा जोडीच्या पायांत पांढरा पुंजका दिसला तर तो फोटोतला डाग समजून पुसून टाकू नका.

आता फोटो ५ चा हिलारा. या गणात नराच्या पुढच्या पायाचा, पावलाचा पहिला तुकडा फुगलेला असतो. त्यात रेशीम तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. नर पाण्यावरून उडता उडता बारीक भक्ष्य उचलतो आणि त्याला रेशमाने गुंडाळतो. 'हिलारा मौरा' ही इकडची ओळखीची जात, पण ओढ्यावरची प्रत्येक काळी माशी मौरा नव्हे. हिलारांच्या जाती बऱ्याच आहेत आणि फोटोवरून त्या सहसा सुटत नाहीत. पुढच्या पायाचं ते फुगलेलं पाऊल फोटोत आलं तर 'हिलारा, नर' एवढं छातीठोकपणे लिहा. माझ्या मते ती उत्तम नोंद आहे. जातीचं नाव नसलं की नोंद अपुरी, ही समजूत घालवायला हवी.

राहिली एक महत्त्वाची पायरी, जी मी वरती गाळली: करडी, लांब सोंडेची माशी दिसली म्हणजे ती एम्पिसच असं नाही. तिची जुळी वाटावी अशी 'ऱ्हाम्फोमाया' आहे. तीही काळी-करडी, तीही सोंडवाली, तीही भक्ष्य घेऊन येते. फरक पंखात आहे. पंख पसरलेला असेल तर टोकाजवळच्या शिरा पाहा. एम्पिसमध्ये तिथली एक शीर टोकाला पोचायच्या आधी दुभंगते, वरची फांदी आखूड असते आणि वर वळून पंखाच्या पुढच्या कडेला मिळते. ऱ्हाम्फोमायात ती शीर शेवटपर्यंत एकटीच जाते. टेसेलाटाइतकी मोठी माशी असेल तर हे फारसं अडत नाही, पण मध्यम आणि लहान माश्यांत या एका फांदीवर गण ठरतो. हिलारातही फांदी असते, पण तिची सोंड आखूड. तेव्हा ऱ्हाम्फोमाया बाजूला काढायला शीर, हिलारा बाजूला काढायला सोंड आणि पुढचा पाय.

---

मेपलपान (ऑन्टॅरिओ, कॅनडा)

धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे ऱ्हाम्फोमाया लाँगिकॉडा ही जात आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी झाडांच्या फटीत, आभाळाच्या उजेडावर माद्यांचा थवा जमतो. या माद्या हवा गिळून पोटाच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या फुगवतात आणि पिसांसारखे केस असलेले पाय पोटाला लावून धरतात, म्हणजे खालून पाहणाऱ्या नराला त्या अंड्यांनी भरलेल्या वाटाव्यात. फंक आणि टॅलामी यांचा २००० सालचा अभ्यास यावरच आहे. फुगलेली मादी आणि साधा नर यांचे फोटो शेजारी ठेवले तर एकाच जातीचे आहेत हे पटणार नाही. ॲपही दोघांना वेगळी नावं देतं, असा माझा अनुभव.

ताई, युरोपातल्या एम्पिसमध्ये असं काही आहे का?

---

दगडफूल (यॉर्कशर)

फुगणाऱ्या पिशव्या इकडच्या एम्पिसमध्ये मी पाहिलेल्या नाहीत, पण पिसांसारखे पाय आहेत. 'एम्पिस पेनिपेस' ही लहान काळी जात, तिच्या मादीच्या मधल्या आणि मागच्या पायांवर चपट्या केसांची झालर असते, नराचे पाय साधे. 'एम्पिस बोरियालिस' तर उत्तरेकडच्या भागातली, तिच्यातही थवा माद्यांचा असतो आणि नर भक्ष्य घेऊन त्या थव्यात शिरतो.

तुम्ही हा मुद्दा काढलात ते फार बरं झालं. जात ओळखायच्या आधी नर की मादी हे ठरवा, हे मला ठळक अक्षरांत लिहायला हवं होतं. झालरवाले पाय दिसले की लोक 'झालरवाली जात' शोधत बसतात आणि तिचा नर भलत्याच नावाखाली जातो.

---

पाणकणीस (पुणे)

ताई, दोन शंका. एक म्हणजे, शेवटी खात्रीसाठी माशी मारून सूक्ष्मदर्शकाखाली न्यावीच लागते का? मला ते जड जातं. दुसरं, पावसाळ्यानंतर आम्ही ताम्हिणीकडे ओढ्याकाठी जातो, तिथेही अशा सोंडवाल्या बारीक माश्या ओल्या खडकांवर असतात. त्यांना हेच मांडी-पंखाचं गणित लावू का?

---

दगडफूल (यॉर्कशर)

पहिल्या शंकेबद्दल मनापासून सांगते. हिलाराच्या आणि ऱ्हाम्फोमायाच्या बहुतेक जाती नराच्या जननेंद्रियाची रचना पाहिल्याशिवाय ठरत नाहीत. ती फोटोत येत नाही, त्यासाठी नमुना लागतो. जे लोक नमुने गोळा करून वर्षानुवर्षं जपतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे, कारण आपण फोटोवरून जे चार शब्द बोलू शकतो ते त्यांच्या कामावर उभे आहेत. कॉलिन यांचा १९६१ चा ब्रिटिश एम्पिडिडींवरचा खंड आणि ख्वाला यांचा १९९४ चा एम्पिस गणावरचा खंड अशा नमुन्यांतूनच आलेत. पण प्रत्येकाने मारलंच पाहिजे असं अजिबात नाही. तुम्हाला जड जात असेल तर गणावर थांबा आणि निःशंक मनाने थांबा. मी स्वतः टेसेलाटा, लिव्हिडा आणि पिवळ्या गटातल्या सोप्या जाती फोटोवरून घेते, बाकीच्यांना गणाचं नाव देते.

दुसरी शंका: नाही, कृपा करून लावू नका. मांडीचा तो रंग या तीन जातींपुरता आहे, आणि तोही ब्रिटनमध्ये, जिथे या कुळाच्या जाती दोनशेच्या आसपास आहेत आणि त्यांची यादी नीट झालेली आहे. सह्याद्रीतल्या माशीला युरोपची किल्ली लावली तर ती कुठलंतरी नाव देईलच, कारण किल्लीला 'माझ्याकडे नाही' म्हणता येत नाही. भारतासाठी ब्रुनेटी यांचं १९२० चं काम आहे, त्यात या माश्या आहेत, पण तेव्हापासून वर्गीकरणच बदललंय. त्या काळी एम्पिडिडीत धरलेला मोठा गट ख्वाला यांनी १९८३ मध्ये हायबोटिडी नावाने वेगळ्या कुळात काढला. पाठीला कुबड, डोक्यावर जवळजवळ सगळे डोळेच, मागची मांडी जाड आणि काटेरी, अशी माशी दिसली तर ती 'हायबोस' गणातली असू शकते, म्हणजे आता या शेजारच्या कुळातली.

ताम्हिणीत तुम्ही कराल ते खरं काम असं: पंखाच्या शिरा, सोंडेची लांबी आणि दिशा, मागची मांडी आणि पुढचं पाऊल, एवढं फोटोत आणा. ठिकाण, तारीख, ओला खडक की पान, हे लिहा. नाव कुळापुरतं राहिलं तरी चालेल. पुढे कुणी त्या गटावर काम करायला बसलं तर तुमच्या फोटोत त्याला बघण्यासारखं काहीतरी असेल.

---

रानवारा

ताई, आता फोटो कसे काढावेत तेही सांगून टाका. शंभर डिजिटल फोटो काढतो आणि हवी ती मांडी एकातही नसते.

---

दगडफूल (यॉर्कशर)

बाजूने काढा, माशीच्या पातळीवर उतरून. वरून काढायचा मोह सगळ्यांना होतो, कारण वरून ती सुबक दिसते, पण वरून मांडी पंखाखाली जाते आणि सोंड डोक्याखाली. काऊ पार्सलीचा फुलोरा कंबरेच्या उंचीवर असतो, तेव्हा गुडघ्यावर बसलात की झालं. फोकस डोळ्यावर नको, मधल्या पायाच्या मांडीवर ठेवा. बाजूचा फोटो मिळाला की मग एक वरून, आणि जमलं तर एक समोरून.

पंखासाठी उजेड मागून यायला हवा. माशी फुलाच्या कडेला आली की तिच्या पंखामागे आभाळ येईल असे सरका. शिरा काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात आणि ती दुभंगलेली फांदी लगेच सापडते. बसल्यावर या माश्या पंख पाठीवर एकावर एक मिटून घेतात, मग शिरा गुंतलेल्या दिसतात. फुलावरून फुलावर चालताना त्या पंख किंचित उघडतात, तेवढ्यात दोनचार फोटो घ्या.

फ्लॅश लागणारच असेल तर त्याच्यापुढे स्वयंपाकघरातला बटर पेपर लावा. उजेड पसरतो आणि ती धूळ चकाकत नाही. घरी आल्यावर फोटोचा रंग वाढवू नका. लालसर मांडी आणि पिवळट मांडी यांच्यातला फरक रंग वाढवायच्या त्या एका पट्टीने नाहीसा होतो. रंगाबद्दल शंका असेल तर शेजारच्या पाकळीकडे बघा. पांढरं फूल फोटोत पिवळट दिसत असेल तर मांडीही आहे त्याहून पिवळी दिसतेय.

थंड सकाळ चांगली. दहाच्या आधी माश्या मंद असतात. जोडी तर भर दुपारीही हलत नाही, मादीचं खाणं संपेपर्यंत तुम्हाला वेळ आहे. आणि एकाच माशीचे फोटो एकाच नोंदीत ठेवा. एका फुलोऱ्यावर तीन जाती बसलेल्या असतात. एकीची छाती आणि दुसरीची मांडी एका नोंदीत गेली तर तपासणाऱ्याला काहीच करता येत नाही.

---

रानवारा

सांगितल्याप्रमाणे करून पाहिलं. जुलैतल्या जुन्या फोल्डरमध्ये नॅपवीडवरच्या त्याच माशीचा आणखी एक फोटो सापडला, त्यात ती गवताच्या पात्यावर आलीय, म्हणजे जांभळा उजेड नाही. फोटो ३-ब म्हणून टाकलाय. काल सकाळी ओढ्यावर परत गेलो. पाण्यावरच्यांचा काही जमला नाही, पण काठच्या नेटलच्या पानावर एक मध्यम काळी माशी बसली होती, तिचा पंख उजेडाविरुद्ध मिळाला. तो फोटो ६.

---

दगडफूल (यॉर्कशर)

३-ब उत्तम. तिन्ही डाव्या मांड्या पिवळट-तपकिरी, नडगीशी एकरंग, पंख पुरते कडक, म्हणजे कोवळी माशी नव्हे. एम्पिस लिव्हिडा. दोन्ही फोटो एका नोंदीत जोडा आणि फूल नॅपवीड होतं हेही लिहा.

फोटो ६ पाहून आनंद झाला. टोकाजवळची शीर बघा, शेवटपर्यंत एकटी गेलीय, फांदी नाही. सोंड लांब, पुढचं पाऊल साधं. ही ऱ्हाम्फोमाया, आणि डोळे माथ्यावर भिडलेले असल्यामुळे नर. यापुढे मी जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका. नोंद 'ऱ्हाम्फोमाया' गण, नर, अशी टाका आणि पंखाचा फोटो पहिला लावा. फोटो १ ला 'एम्पिस' एवढंच ठेवा, फोटो २ ला टेसेलाटा, जोडी भक्ष्यासह. पिवळीसाठी त्याच पानांवर पुन्हा एकदा जाऊन या, उजवा खांदा मिळाला की इथेच टाका.

---

पाणकणीस (पुणे)

ताम्हिणीचे फोटो ऑक्टोबरात टाकते. तोवर धागा वर ठेवा मंडळी.